नमुना कुणाच्या ताटातला?

दिवाळी जवळ आली की आपल्या राज्यातील अन्न व औषध प्रशासनाला जाग येते. खव्याच्या गाड्या अडवल्या जातात, पनीर जप्त होते, भेसळीचे दूध गटारात ओतले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे झळकतात. भाऊबीज उरकली की छायाचित्रे बंद होतात आणि खाते पुन्हा झोपी जाते.

या कारवाईला आमचा विरोध नाही. लोकांच्या पोटात विष घालून नफा कमावणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, मग तो कोणीही असो. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. खवा, पनीर, मावा-मिठाई ज्यांच्या घरी जाते त्यांच्यासाठी सरकार निदान सणापुरते तरी जागे होते. मग ज्या पोराच्या ताटात दुपारी शाळेतली खिचडी पडते, ज्या आदिवासी मुलीला आश्रमशाळेत दोन वेळचे जेवण वाढले जाते, जी बाई रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभी असते, अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहारावर जिचे लेकरू वाढते, त्यांच्या अन्नाचा नमुना कोण घेते? कधी घेते? आणि घेतला असेल तर त्याचा अहवाल कुठे लावला जातो?

आपल्याकडे 'अन्नसुरक्षा' या एकाच शब्दाचे दोन कायदे आहेत आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. पहिला अन्नसुरक्षा व मानके कायदा. तो संसदेने २००६ साली केला, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि त्याने १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेतली. अन्न निर्धोक आहे की नाही, हे पाहणे त्याचे काम. दुसरा २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा. गरिबाला अन्न मिळते की नाही, हे पाहणे त्याचे काम. ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत रेशनचे धान्य, शाळेतले दुपारचे जेवण आणि अंगणवाडीचा आहार पोहोचवण्याची हमी या दुसऱ्या कायद्याने दिली. एक कायदा दर्जाचा, दुसरा हक्काचा. दोघांची भेट व्हायला हवी ती गरिबाच्या ताटात. पण नेमकी तिथेच त्यांची भेट होत नाही, हे आमचे म्हणणे आहे. दर्जाचा कायदा बाजारात फिरतो, हक्काचा कायदा सरकारी गोदामात फिरतो आणि गरीब माणूस दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो.

कोणी म्हणेल, २००६ चा कायदा दुकानदारांसाठी आहे, सरकारी स्वयंपाकघरांना तो कसा लागू होईल? अशा शहाण्यांनी त्या कायद्याचे कलम ३ उघडून वाचावे. त्यात 'अन्न व्यवसाय' या शब्दाची व्याख्या दिली आहे. नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, अन्न तयार करणे, साठवणे, वाहून नेणे, वाटणे यातले कोणतेही काम करणारा प्रत्येक उपक्रम त्या व्याख्येत बसतो. म्हणजे शाळेची चूल, आश्रमशाळेचा भटारखाना, मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहाची खानावळ, रेशनचे गोदाम, सरकारी दवाखान्यातले आणि तुरुंगातले जेवण या सगळ्यांवर हा कायदा चालतो. कायद्याने सरकारला सूट दिलेली नाही. सूट दिली आहे ती अंमलबजावणी करणाऱ्यांनी, आपल्याच मनाने. एका खात्याचा अधिकारी दुसऱ्या खात्याच्या दारात नमुन्याची बाटली घेऊन जायला कचरतो. हातगाडीवाल्यापुढे त्याचा आवाज चढतो, सरकारी गोदामापुढे तोच आवाज खाली येतो.

या कचरण्याची किंमत काय असते? १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस नावाचे कीटकनाशक होते. शेतात फवारायचे विष गरिबाच्या लेकरांच्या भाजीत उतरले. तेलाला वेगळाच वास येतो असे स्वयंपाकिणीने सांगितले होते आणि तरीही तेच तेल वापरायला लावले, ही गोष्ट तेव्हा समोर आली. २०१६ साली न्यायालयाने मुख्याध्यापिकेला शिक्षा सुनावली. एक माणूस तुरुंगात गेला, प्रकरण मिटले. परंतु तेल कुठे साठवले जाते, कोणत्या डब्यातून येते, ते कोणी कधी तपासले होते का, हा प्रश्न एका मुख्याध्यापिकेपुरता नव्हता. तो सगळ्या यंत्रणेला विचारायचा होता.

त्या मृत्यूंनंतर २०१५ साली केंद्र सरकारने मध्यान्ह भोजनाचे नियम काढले. त्यात म्हटले आहे की शिजवलेल्या जेवणाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी आणि निवडक शाळांतून व मध्यवर्ती स्वयंपाकगृहांतून महिन्यातून किमान एकदा नमुने घ्यावेत. नियम चांगला आहे. पण वाचकहो, तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर असा अहवाल लावलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? आज काय शिजणार याचा तक्ता भिंतीवर असतो. सोमवारी वाटाणा, मंगळवारी मटकी. जे शिजले ते खाण्याजोगे होते की नाही, याचा कागद मात्र कुठेच नसतो. आणि आपल्याच महाराष्ट्रात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पालघर जिल्ह्यात मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून गेलेले जेवण खाऊन अनेक आश्रमशाळांतील २०० हून अधिक विद्यार्थ्यांना विषबाधा झाली. एका ठिकाणी शिजवायचे आणि गाड्यांतून दूरवरच्या शाळांत पोहोचवायचे, ही पद्धत सोयीची आहे. पण त्यात एका कढईतली चूक एकाच वेळी वीस-पंचवीस शाळांत पोहोचते, हेही ध्यानात घ्यावे लागेल. जितकी कढई मोठी तितकी तपासणी कडक हवी.

आता जरा खोलात जाऊ. गरिबाच्या ताटाकडे दुर्लक्ष का होते? केवळ आळसामुळे? आम्हाला तसे वाटत नाही. सरकारने गरिबाला एक नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे 'लाभार्थी'. बाजारात जाऊन पैसे मोजणारा तो ग्राहक आणि सरकारी दारात हात पसरणारा तो लाभार्थी. ग्राहकाला तक्रार करण्याचा हक्क असतो, लाभार्थ्याने उपकार मानायचे असतात. "फुकट मिळतंय ना, मग खा की गुमान," हे वाक्य रेशनच्या रांगेत कोणी ऐकले नाही? हे वाक्य बोलणारा एकटा दुकानदार नसतो. त्याच्या तोंडून सगळी व्यवस्था बोलत असते.

खुद्द कायद्यातही हा भेद डोकावतो. २००६ च्या कायद्याचे कलम ४० सामान्य माणसाला एक मोठा अधिकार देते. विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना तो स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पण त्या कलमात शब्द वापरला आहे 'खरेदीदार'. १ जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत झाले. शाळेचे जेवण तर मोफतच आहे. मग खिचडी खाणारे पोर खरेदीदार कसे ठरणार? मोफत तांदूळ घेणारी आई खरेदीदार कशी ठरणार? कायदेपंडित याचा अर्थ काहीही लावोत. फी आणि शब्द यांच्यामध्ये गरिबाचा हक्क अडकून पडतो, हे उघड आहे. आणखी एक गंमत पाहा. कलम ३९ प्रमाणे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने विनाकारण छळ केला तर त्याला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच्याविरुद्धची तक्रार खोटी ठरली तर तक्रारदाराला कमीत कमी ५० हजार रुपये दंड! अधिकाऱ्याच्या दंडाला खालची मर्यादा नाही, तक्रारदाराच्या दंडाला आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस इतकी जोखीम घेऊन कोणाच्या विरोधात तोंड उघडेल?

घेणारा खरेदीदार नसला की कायदा त्याला कसा विसरतो, याचे एक जुने आणि भीषण उदाहरण आहे. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती खेसारी डाळ. दुष्काळातही येणारे, स्वस्त पीक. पण सलग काही महिने तेच मुख्य अन्न म्हणून खाल्ले तर पायांना कायमचा लुळेपणा येतो. १९६१ साली अन्नभेसळ कायद्याखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. परंतु मध्य प्रदेशातील रीवा-सतना भागात जमीनदार वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मापून देत होते. बंदी विक्रीवर होती आणि वेठबिगार तर डाळ विकत घेतच नव्हता! तो घाम गाळून ती मिळवत होता. बाजारातल्या पोत्यावर कायद्याची नजर, वाड्याच्या मागच्या दारातून मजुराच्या पदरात पडणाऱ्या मापावर कोणाचीच नाही. लुळे झाले ते मजूर. ज्याच्यापाशी दुसरी डाळ घ्यायला पैसा होता, त्याचे पाय शाबूत राहिले.

उलट, ज्यांच्यापाशी पैसा आणि वकील आहेत त्यांच्या बाबतीत कायदा किती काटेकोर होतो तेही पाहू. २०१५ साली मॅगी नूडल्समध्ये शिसे जादा असल्याच्या कारणावरून देशभर बंदी घातली गेली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने बंदी रद्द केली. कारण काय? कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी दिली नव्हती, म्हणजे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले नव्हते, आणि ज्या प्रयोगशाळांत नमुने तपासले त्या रीतसर मान्यताप्राप्त नव्हत्या. न्यायालयाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला लावली आणि त्यात शिसे मर्यादेत आढळले. न्यायालयाचा निर्णय बरोबरच होता. आरोप करणाऱ्या सरकारची प्रयोगशाळा खात्रीची असलीच पाहिजे. पण मग दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली ही की, सरकारी प्रयोगशाळा इतक्या कच्च्या का? महालेखापरीक्षकांनी २०१७ सालच्या अहवालात नोंदवले होते की देशातील ७२ राज्यस्तरीय अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता नव्हती. कच्च्या प्रयोगशाळेचा फायदा बड्या भेसळखोराला मिळतो, तो न्यायालयातून सुटतो. तोटा होतो गरिबाचा, कारण त्याच्या ताटातले विष सिद्धच होत नाही. दुसरी गोष्ट ही की, जो नैसर्गिक न्याय कंपनीला मिळाला तो हातगाडीवाल्याला कधी मिळतो?

आमच्या वस्तीच्या नाक्यावर एक मावशी वडे-भजी तळतात. नवरा गेल्यापासून त्या गाडीवर चार माणसांचे पोट आहे. मागे एकदा पालिकेची गाडी आली. "मावशी, नोंदणी नाही, पाणी उघडं, तेल काळंभोर. चला, गाडी उचला," असे म्हणत कर्मचाऱ्यांनी कढईसकट सामान गाडीत टाकले. "दादा, निदान गरम तेल तरी उतरवू द्या हो," एवढेच त्या म्हणत राहिल्या. ना नोटीस, ना नमुना, ना सुनावणी. वास्तविक याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये आधी सुधारणेची नोटीस देण्याची तरतूद आहे. ती कोणाच्या कामी येते? त्याच नाक्यापासून दोनशे पावलांवर रेशनचे दुकान आहे. त्या महिन्यात तिथल्या गव्हात किडे वळवळत होते. सगळ्या बाया ओरडत होत्या. तिकडे मात्र कोणतीही गाडी वळली नाही.

आम्ही मावशींची बाजू घेतो म्हणून काळ्या तेलाची बाजू घेत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. "गरिबाला पोट भरू द्या, नियम कशाला?" असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. हा विचार घातक आहे. कारण मावशींचे वडे खातो कोण? हमाल, रिक्षावाला, बिगारी, कामावरून परतणारी आपलीच पोरे. घाणेरड्या अन्नाचा पहिला बळी गरीबच असतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. ६० हून अधिक माणसे सूज येऊन, हृदय निकामी होऊन मेली. भेसळ गरीब-श्रीमंत पाहत नाही असे म्हणतात, पण सुटे तेल पाव-पाव किलो कोण नेतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा नियम हवेत, आणि ते कडक हवेत. मागणी एवढीच आहे की नियमाची वाट वरून खाली यावी, खालच्यावर सुरू होऊन खालच्यावरच संपू नये.

मावशींच्या कढईतले तेल काळे झाले ते कसे? तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात घातक घटक तयार होतात. या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्या मोठ्या व्यावसायिकांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची, असेही ठरले. कारण मोठ्या तळणीतले वापरलेले तेल छोट्या धाब्यांना आणि गाड्यांना स्वस्तात विकले जाते, हे खुद्द केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच मान्य केले आहे. म्हणजे मोठ्यांनी टाकून दिलेले तेल गरिबाच्या कढईत येते आणि पकडली जाते ती मावशी! अधिकाऱ्याने तिची गाडी उचलण्याआधी "मावशी, हे तेल कुठून आणलं?" एवढे विचारले असते आणि त्या धाग्याने वर गेला असता, तर खरी अंमलबजावणी झाली असती. गुटख्याचे तेच. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतरही तो टपरीवर मिळत राहिला. पकडला जातो टपरीवाला. ट्रक भरून माल पाठवणारा कोण, हे कळायला ज्योतिष्याची गरज नाही.

आणि पाण्याचे काय? स्वच्छ पाणी वापरा, हात धुवा, झाकण ठेवा असे कायदा विक्रेत्याला सांगतो. बरोबर सांगतो. पण ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते आणि तेही गटाराच्या कडेने गेलेल्या फुटक्या पाइपातून, तिथल्या विक्रेत्याने स्वच्छ पाणी आणायचे कुठून? २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यात शहर फेरीवाला समित्या आल्या, विक्रीच्या जागा ठरवायच्या आल्या. त्या जागेवर नळ आणि कचऱ्याची सोय देणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे. नळ न देता स्वच्छतेचा दंड आकारणे, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत. त्याला वसुली म्हणतात.

इथे आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. या देशात स्वच्छतेच्या नावाखाली शुद्धतेचा धंदा फार जुना आहे. स्वच्छ-अस्वच्छ हा विज्ञानाचा प्रश्न, तो सूक्ष्मदर्शकाखाली सुटतो. शुद्ध-अशुद्ध हा जातीचा प्रश्न, तो जन्मावर ठरवला जातो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' केले. कशाने? दही, दूध, शेण आणि गोमूत्र घालून! पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध आणि ओंजळीने पाणी पिणारे अशुद्ध. आज कोणी सार्वजनिक तळ्यात शेण टाकले तर आरोग्य खाते त्याला नोटीस देईल. तेव्हा त्याला धर्म म्हणत होते.

हे सगळे इतिहासजमा झाले, असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की शाळेतील भोजनासाठी स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे. तरीही २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न खायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिला कामावरून काढले गेले. ओरड झाल्यावर तिला परत घेतले. तिच्या जेवणाचा नमुना कोणी तपासला होता काय? नाही. तपासली गेली ती तिची जात. २०२४ साली उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना आपली नावे फलकावर लावायला भाग पाडले गेले. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे ते सांगा, मालक कोण ते सांगण्याची सक्ती नको, हा त्या आदेशाचा सारांश. दुकानात परवाना लावणे वेगळे आणि नावावरून जात-धर्म ओळखता यावा म्हणून फलक रंगवणे वेगळे. अन्नसुरक्षेच्या नियमाने पाणी, तेल, हात आणि भांडी तपासावीत. आडनाव तपासणे हे त्याचे काम नाही. अंमलबजावणीची मागणी करताना आपण हे भान सोडले, तर आपल्याच हातात दिलेली काठी आपल्याच पाठीवर पडेल.

म्हणूनच आमच्या मागण्या साध्या आणि मोजता येतील अशा आहेत. ज्या जिल्ह्यात बाजारातून नमुने घेतले जातात, त्याच जिल्ह्यात शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या, रेशन दुकाने आणि सरकारी गोदामे यांतूनही दर महिन्याला नमुने घ्यावेत आणि दोहोंचे आकडे शेजारी शेजारी जाहीर करावेत. प्रत्येक नमुन्याचा अहवाल त्या शाळेच्या आणि त्या दुकानाच्या भिंतीवर मराठीत लावावा. कलम ४६ प्रमाणे अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणजे पंधरवड्यानंतर भिंत कोरी दिसली तर जाब विचारता येईल. कलम ४० मधला तपासणीचा अधिकार मोफत अन्न घेणाऱ्यालाही विनाशुल्क मिळावा आणि शाळा व्यवस्थापन समितीला तो स्पष्ट शब्दांत द्यावा. कलम ६५ प्रमाणे सदोष अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये भरपाई आहे. ती सरकारी जेवणाने बळी गेलेल्या मुलाच्या आई-बापालाही हक्क म्हणून मिळावी, मंत्र्याच्या हस्ते वाटलेली मदत म्हणून नव्हे.

आणि एक मागणी स्वयंपाकिणीसाठी. २००९ साली केंद्राने तिचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात. एवढ्या तुटपुंज्या पैशांवर, उद्या कामावर ठेवतील की नाही या धास्तीत जगणारी बाई "हे तेल मी वापरणार नाही" असे कोणत्या बळावर म्हणेल? गंडामनमध्ये पहिला इशारा अधिकाऱ्याने दिला नव्हता, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाने दिला होता. तिचा नकार मानला गेला असता तर २३ लेकरे वाचली असती. खराब धान्य आणि तेल परत पाठवण्याचा अधिकार स्वयंपाकिणीला लेखी द्या, आणि नकार दिला म्हणून तिला काढता येणार नाही असा नियम करा. दहा अधिकारी नेमण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

आता थोडे आपल्याविषयी. जयंतीच्या मिरवणुकीत आपण हजारोंनी उतरतो. वस्तीतल्या मंडळांपाशी तरुण आहेत, शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांतल्या दोघांनी महिन्यातून एक दिवस आपल्या भागातल्या शाळेत दुपारी जाऊन उभे राहायला काय हरकत आहे? तांदळाचे पोते कोठे ठेवले आहे, तेलाच्या डब्यावर तारीख आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, एवढे पाहायला पदवी लागत नाही. १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. "आमच्या तालुक्यातील शाळांतून व रेशन दुकानांतून गेल्या वर्षभरात किती नमुने घेतले, त्यांपैकी किती असुरक्षित निघाले, कोणावर कारवाई झाली?" एवढे तीन प्रश्न प्रत्येक तालुक्यातून गेले पाहिजेत. उत्तर 'निरंक' आले तर तेच सर्वांत मोठे उत्तर असेल. ते छापायला आमचे पान मोकळे आहे.

घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. प्राथमिक म्हणजे आधी करायचे, बाकी सगळे उरकल्यावर उरलेल्या वेळात करायचे नव्हे. पण कागदावर लिहिलेले कर्तव्य आपोआप पार पडत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. त्यानंतर महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव होते, पाणी नव्हते. १९२७ साली माणसे चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. शाळेच्या जेवणाचा नियम २०१५ पासून कागदावर आहे. त्याची अंमलबजावणी हवी असेल तर आपल्याला शाळेच्या चुलीपर्यंत चालत जावे लागेल. पुढच्या दिवाळीला अधिकारी खव्याच्या गाडीपुढे छायाचित्र काढायला उभे राहतील, तेव्हा त्यांना एवढेच विचारा, "साहेब, आमच्या पोरांच्या खिचडीचा नमुना कधी घेतलात?"